पडद्यातून बाहेर आलेला हत्ती

रोह्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र गेले दोन महिने माझ्या टेबलावर आहे. त्या लिहितात, "दिवाळीच्या सुट्टीत नणंदेची मुलं येणार आहेत. सगळ्यांनी मिळून खोपोलीच्या पार्कमध्ये जायचं ठरतंय. माझा धाकटा साडेतीन वर्षांचा आहे. तिथे कार्टूनसारखे मोठे प्राणी फिरतात, मुलांशी हात मिळवतात, फोटो काढू देतात असं ऐकलं. त्याला अशा गोष्टींचं फार वेड. पण खर्चही मोठा आहे. नेऊ की पुढच्या वर्षावर टाकू?"

उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. दिलं नाही, कारण हाच प्रश्न गेल्या मे महिन्यात आमच्या घरात आला होता, आणि वीस वर्षं मुलांना शिकवणाऱ्या, बी.एड. झालेल्या मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं होतं. ते आधी सांगते.

माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांसारखंच हे घर. पैसा तिकडून येतो, माणूस वर्ष-सव्वा वर्षातून एकदा येतो. त्याची मुलगी सव्वाचार वर्षांची. ती आणि भाभी अम्मीजवळ महाडला राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मुलगी बापाला रोज पाहते. रात्री इशाची नमाज झाली की भाभी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून ठेवते आणि डब्यासमोर बसून बाप-लेकीच्या गप्पा चालतात. आज काय खाल्लं, बालवाडीत कोण रडलं, मांजरीला किती पिल्लं झाली. खोटं कशाला बोलू, शेजारी राहणाऱ्या कित्येक बापांपेक्षा याला आपल्या लेकीची जास्त खबर असते.

या वर्षी येण्याआधी दोन महिने त्याने तिला पार्कचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका. 2013 साली सुरू झालं. त्यात एक जाडजूड हसरा हत्ती आहे, टब्बी त्याचं नाव. भाऊ रोज एखादा नवा तुकडा शोधून पाठवायचा. मग म्हणायचा, "अब्बा आले की आपण टब्बीकडे जायचं. तो तुझीच वाट बघतोय. त्याला तुझं नाव माहीत आहे." मुलगी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघायची की अम्मी वैतागून म्हणायची, त्या हत्तीला एकदा घरीच बोलवा आणि जेवायला घाला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाऊ आला. मुंबईच्या विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. तो सामानाची गाडी ढकलत बाहेर आला, गाडी तिथेच सोडून खाली बसला, दोन्ही हात पसरून त्याने तिचं नाव घेतलं. मुलगी भाभीच्या दुपट्ट्यामागे गेली. पुन्हा हाक मारली तर रडायलाच लागली. तो हसला, म्हणाला, "झोप आली असेल." पहाटे घरी पोचलो. सामान उतरलं, चहा ठेवला. मुलगी जागी झाली, इकडे-तिकडे बघितलं आणि भाभीला म्हणाली, "फोन दे. मला अब्बाशी बोलायचंय."

अब्बा समोर खाटेवर बसला होता.

त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेलं. मला तरी तेव्हाच कळायला हवं होतं की आपण पुढे काय करणार आहोत. नाही कळलं.

दहा-बारा दिवसांनी पार्कला निघालो. भाभीचं मत होतं की थोडं थांबू या, मुलगी अजून रुळली नाही. मी म्हटलं, काही होत नाही, मुलांना आवडतंच. (वर ज्या चुकीच्या उत्तराबद्दल लिहिलं ते हे.) महाडहून सकाळी साडेसहाला गाडी काढली. माणगाव, कोलाड, वाकण फाट्याला महामार्ग सोडला की पाली आणि पुढे पार्क. पालीच्या अलीकडे झाडाखाली थांबून खिमा-पाव खाल्ला, आणि मोठ्या उत्साहात आत शिरलो.

माझा मुलगा सहावीत आहे. त्याचा दिवस मजेत गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. 'अलीबाबा और चालीस चोर' नावाची तिथे एक राइड आहे. रांगेत उभं असताना मी त्याला सांगायला लागले की अलीबाबाची कहाणी अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितात नव्हतीच. हलबचा, म्हणजे आताच्या अलेप्पोचा हन्ना दियाब नावाचा तरुण पॅरिसला गेला होता, त्याच्या तोंडून 1709 मध्ये ती गालां या फ्रेंच अनुवादकाने ऐकली आणि आपल्या पुस्तकात घातली. मुलगा म्हणाला, "अम्मी, आत गेल्यावर बंदूक मिळते ना?" उर्दूच्या शिक्षिकेचं घरात असंच चालतं.

दुपारी भाभी आणि माझा मुलगा एका रांगेत होते. मुलगी, भाऊ आणि मी सावलीत बसलो होतो. तेवढ्यात हत्ती आला. खरंच सुरेख आला, डुलत, हात हलवत, सोबत त्याला सांभाळणारा एक मुलगा. आजूबाजूची मुलं धावली. आमची उभी राहिली. तिचे डोळे मी अजून विसरले नाही. आनंदच होता त्यात, यात शंका नाही. ती दोन पावलं पुढेही गेली. मग थांबली. तिच्यात आणि हत्तीत वीसेक पावलांचं अंतर होतं, आणि ते अंतर तिने स्वतः ठरवलेलं होतं.

मी तिला तिथेच उभी राहू द्यायला हवी होती. पण माझ्या हातात फोन होता. रांग छोटी होती, ऊन उतरलेलं होतं, बाप जवळ होता, इतका चांगला फोटो पुन्हा मिळाला नसता. मी तिला उचललं, "बघ, टब्बी! जा, सलाम कर," म्हणत हत्तीच्या अगदी पुढ्यात उभी केली आणि चार पावलं मागे आले. हत्ती वाकला. त्याचं डोकं तिच्या अख्ख्या अंगाएवढं होतं. मुलीने जी किंकाळी फोडली, तिने रांगेतली सगळी माणसं वळली. बिचारा हत्ती चटकन दोन पावलं मागे झाला, त्याने आपले हात डोळ्यांवर ठेवले, सोबतचा मुलगाही हळूच म्हणाला, "ताई, राहू दे, लांबूनच बघू दे तिला." त्यांना कळत होतं. मला कळलं नाही.

मुलगी पळाली. माझ्याकडे नाही. भाभी तिथे नव्हती. ती भावाकडे पळाली आणि त्याच्या गळ्यात दोन्ही हात घालून अशी बिलगली की त्याचा सदरा खांद्यावर उसवला. आल्यापासून पहिल्यांदा.

परतताना ती त्याच्या मांडीवरच झोपली. पाली मागे पडल्यावर डोळे उघडले आणि एवढंच म्हणाली, "त्याने माझं नाव घेतलंच नाही."

घरी पोचल्यावर भाऊ ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. थट्टेत म्हणाला, "आपा, उद्या परत हत्तीकडे जाऊ या का?" मला राग आला. लेकरू भेदरलंय आणि याला मस्करी सुचते! काहीतरी टोचून बोलणार होते, पण त्याच्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ती मला पण तशीच घाबरते का गं?"

त्या रात्री मी माझी बी.एड.ची जुनी वही काढली. अशा वह्या आपण टाकत नाही आणि उघडतही नाही. त्यात मला एका मांजराचा प्रयोग सापडला. रीटा डेव्रीस या अमेरिकन संशोधिकेने तो 1969 साली प्रसिद्ध केला. तिच्याकडे मेनार्ड नावाचं एक शांत मांजर होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ते दाखवायचं, हात लावू द्यायचा. मग मांजराचं पुढचं अंग आडोशाला घ्यायचं, शेपटीकडचं अंग मुलांना दिसत राहील असं, आणि आडोशामागे त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवायचा. मांजर कुठेही गेलेलं नाही, हे मूल डोळ्यांनी बघत असे. तरीही तीन वर्षांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना वाटलं की आता हा कुत्रा झाला. काही मुलं त्याला हात लावायला भ्याली. सहा वर्षांची मुलं मात्र बहुतेक म्हणाली, मांजरच आहे, तोंडावर काहीतरी घातलंय.

वहीत मी त्याखाली लाल शाईने 'परीक्षेला महत्त्वाचे' असं लिहिलं होतं. परीक्षेत मला त्यावर गुण मिळाले असतीलही.

तीन-चार वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, "अरे, आत माणूस आहे, घाबरतोस काय?" आपल्याला वाटतं, ही खुलाशाची गोष्ट आहे, खुलासा केला की भीती संपली. पण त्या वयात 'वरून हत्ती, आतून माणूस' ही दोन्ही वाक्यं एका वेळी डोक्यात राहत नाहीत. उलट, माणसाला गिळून बसलेला हत्ती असंही त्याला वाटू शकतं. आणि मूल आपलं तोंड बघून जग समजून घेतं. आईच्या भुवया, तिचा आवाज, तिच्या ओठांची हालचाल. बाहुल्याचा चेहरा हलत नाही. हसू कायम तेवढंच, पापणी लवत नाही, तोंडातून शब्द नाही. मोठ्यांना ते गोंडस वाटतं. लहानाला त्या चेहऱ्यावर वाचायला काहीच मिळत नाही.

शिवाय मापाचा प्रश्न आहेच. फोनमधला हत्ती हाताच्या पंजाएवढा असतो. आवाज कमी करता येतो, बोट लावून थांबवता येतो, कंटाळा आला तर फोन उपडा ठेवता येतो. प्रत्यक्षातला हत्ती बापापेक्षा उंच, आणि त्याला थांबवायला बटण नाही. आमच्या घरात तर दोन जण असे पडद्यातून एकदम मोठे होऊन बाहेर आले होते, पंधरा दिवसांच्या आत.

ही कार्टूनं पडद्यावरून उतरून मुलांना भेटायला लागली त्याला फार काळ झाला नाही. मिकी उंदीर पडद्यावर 1928 सालचा. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं, आणि सुरुवातीला त्यांच्याकडे धड स्वतःचे पोशाखही नव्हते. बर्फावर नाचाचे खेळ करणाऱ्या एका कंपनीचे पोशाख उसने आणून त्यांनी उंदीर-बदकं उभी केली. आपल्याकडे 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत अप्पू हत्ती आला, आणि तो मुलांना इतका आवडला की 1984 साली दिल्लीत त्याच्या नावाने अप्पू घर निघालं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 चं. माझ्या पिढीने ते दूरदर्शनवरच्या जाहिरातीत पाहिलं आणि बहुतेकांनी तिथेच सोडलं.

पण वेष घालून दारात येणारा माणूस आपल्याला नवा नाही. माझ्या लहानपणी मोहल्ल्यात बहुरूपी यायचा. कधी फौजदार होऊन, कधी डाकू होऊन. फौजदार आला की ओट्यापाशी उभा राहून दरडावायचा, "या घरात दूध सांडणारी मुलगी कोण? वॉरंट आहे!" मी दादीच्या मागे लपायचे. दादी आधी त्याच्याशी भांडल्यासारखं करायची, मग हसायची, मग पसाभर तांदूळ घालायची. आज विचार केला तर दोन गोष्टी ध्यानात येतात. तो कधीही ओट्याची पायरी चढला नाही. आणि मी रडायला लागले की टोपी काढून हातात घ्यायचा. टोपीखाली पांढरे केस आणि घाम. "बाय, मी गं, गेल्या वर्षी वाणी होऊन आलो होतो तो," असं म्हणायचा. त्याला बालमानसशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं.

आता हिरकणीवाडीचं सांगते.

माझी शाळा महाड-रायगड रस्त्यावर आहे. सुट्टीच्या दिवसांत या रस्त्याने गाड्यांची रीघ असते. सगळ्यांना पाचाड आणि पुढे हिरकणीवाडी गाठायची असते, कारण रायगडाचा रोपवे तिथून सुटतो, 1996 पासून. हजारावर पायऱ्या चढायला जिथे दीड-दोन तास लागतात, तिथे पाळणा चार-पाच मिनिटांत वर नेतो. भावाला लहानपणापासून त्यात बसायचं होतं आणि दर सुट्टीत राहून जायचं. पार्कचा तमाशा झाल्यावर आठवड्याने आम्ही सकाळीच तिकडे निघालो. या वेळी मी मुलीला काही कबूल करायचं नाही असं सगळ्यांना बजावलं होतं. फक्त वाटेत गोष्ट सांगितली.

हिरकणीची गोष्ट महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. गडाखालच्या वस्तीतली गवळण, गडावर दूध घालायला गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ एकटं. पहारेकरी दार उघडेनात, तेव्हा अंधारात जिथे दार नव्हतंच त्या कड्यावरून उतरून ती बाळाकडे गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि त्या जागी बुरूज बांधून घेतला, असं लोक सांगतात. दंतकथा म्हणा, काही म्हणा, तिचं नाव आज ठिकठिकाणी भेटतं. एसटी स्टँडवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी केलेली खोली हिरकणी कक्ष, 2019 साली तिच्यावर सिनेमाही आला. आणि गंमत बघा, अप्पू हत्तीच्या त्या 1982 च्या खेळांसाठी आपल्या एसटीने गाड्या पाठवल्या होत्या. म्हणून पुढे त्या निमआराम गाड्यांना लोक एशियाड म्हणू लागले, आणि त्याच एशियाडचं नाव नंतर हिरकणी झालं. हत्तीवरून हिरकणीकडे यायचा रस्ता एसटीला आधीच माहीत होता.

मुलीने गोष्ट ऐकली. पाचाड आल्यावर विचारलं, "हिरकणी भेटेल?"

गाडीत सगळे गप्प. भाऊ काहीतरी म्हणणार होता, मी त्याच्या दंडाला हात लावला. मी म्हटलं, "माहीत नाही, बघू या. ती खूप जुनी आहे." हे खोटं नव्हतं.

रोपवेपाशी गर्दी होती. भाऊ तिकिटांच्या रांगेत गेला. रस्त्याच्या कडेला गावातल्या बायका करवंदं, जांभळं, ताक, कोकम सरबत घेऊन बसल्या होत्या. एक साठीतली बाई, नऊवारी, डोक्यावर पदर, पुढ्यात ताकाचं मडकं. मुलगी माझा हात सोडून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तीन-चार पावलांवर. मी मागेच थांबले. फोन पर्समध्ये होता आणि तो मी काढला नाही, एवढं श्रेय मला द्या.

मुलीने विचारलं, "तू हिरकणी आहेस?"

मला वाटलं, आता बाई हो म्हणेल. गिऱ्हाईक आहे, लेकरू आहे, कोणीही हो म्हणालं असतं. बाईने ताकाचा पेला खाली ठेवला, मुलीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाय गं बाय. हिरकणी वर. मी तिच्या गावची."

"तू तिला ओळखतेस?"

"आमच्या गावची ना ती. वळखनार नाय तर?"

मुलगी पुढे झाली. तिने मडक्यात डोकावलं, बाईच्या हातातली हिरवी काकणं बोटाने मोजली, मग तिच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. बाईने तिच्या ओंजळीत चार करवंदं घातली. भाऊ तिकिटं घेऊन आला तेव्हा ती त्याला लांबूनच ओरडून सांगत होती, "अब्बा, ही हिरकणीच्या गावची आहे!"

त्या बाईने दोन वाक्यांत जे केलं, ते आम्ही दोन महिने व्हिडिओ पाठवून करू शकलो नव्हतो. तिने खोटं सांगितलं नाही आणि मुलीची हिरकणीही हिरावून घेतली नाही. 'त्याला तुझं नाव माहीत आहे' हे भावाने प्रेमानेच सांगितलं होतं, पण ते निभावणं त्याच्या हातात नव्हतं. असे पोशाख घालणारी माणसं बहुधा बोलतच नाहीत, मग नाव कुठून घेणार? मुलाला "ये, तुला काहीतरी देते" म्हणून बोलावणाऱ्या आईला हुजूर (स.) यांनी विचारलं होतं की तू त्याला खरंच काय देणार होतीस? हा प्रसंग आपण मदरशात मुलांना शिकवतो. तो मोठ्यांना शिकवायचा आहे.

पाळण्यात मुलगी भावाच्या मांडीवर बसली. खाली वाडीची घरं लहान होत गेली, समोर काळा कडा. तिने काचेला नाक लावून तो बघितला आणि विचारलं, "ती सकाळपर्यंत का नाही थांबली? सकाळी दार उघडलं असतं ना?"

भाऊ म्हणाला, "बाळ रडत असेल म्हणून."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुवेतला पण दार बंद होतं का?"

भाभीने तोंड खिडकीकडे वळवलं. भाऊ म्हणाला, "हो. तिकडचं वर्षातून एकदा उघडतं." तिला ते पटलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही. वर उतरल्यावर लिंबू सरबत मागितलं.

तर रोह्याच्या भगिनी, आता तुमच्या पत्राचं उत्तर. अवश्य जा. साडेतीन वर्षांच्या मुलाला पुढच्या वर्षी यातलं फारसं आठवणार नाही हे खरं, पण तेवढ्यासाठी सुट्टी घरात काढू नका. मोठ्या मुलांसाठी तिथे पुष्कळ आहे. धाकट्याला उंचीची अट असलेल्या मोठ्या राइडमध्ये बसू देत नाहीत, त्यामुळे तुमच्यापैकी एका मोठ्या माणसाला दिवसभर त्याच्यासोबत राहावं लागेल. कोण राहणार ते घरीच ठरवा, तिकडे रांगेत नको. जाण्याआधी त्याला सांगा की तो हत्ती अब्बापेक्षा उंच असतो, बोलत नाही, फक्त हात हलवतो. हवं तर घरात एखादी मोठी टोपली किंवा उशीचा अभ्रा तुम्ही स्वतः डोक्यावर घालून दाखवा, काढून दाखवा, मग त्याला घालू द्या. खेळ दहा मिनिटांचा आहे, पण मेनार्ड मांजराचा अर्धा धडा त्यात होतो.

तिथे गेल्यावर त्याला लांब उभं राहू द्या. दुसरी मुलं काय करतात ते बघू द्या. तो लांबूनच हात हलवून परत आला तर भेट झाली असं समजा. त्याला ढकलून पुढे केलं तर एक धोकाही आहे. अशा पोशाखात आतल्या माणसाला बहुधा तोंडाच्या किंवा गळ्याच्या जाळीतून दिसतं, अगदी पायाशी आलेलं मूल त्याला दिसतच नाही. तो स्वतः पुढे गेला तर खुशाल फोटो काढा. आणि मूल बाहुल्याला मारायला, त्याची शेपूट ओढायला लागलं तर हसू नका. आत कोणाचा तरी मुलगा उन्हात उभा असतो.

"आत माणूस आहे का?" असं मुलाने विचारलं तर? विचारलं तर हो म्हणा. नाही विचारलं तर आपणहून सांगायची घाई करू नका. मेनार्डला ओळखायला मुलांना तीन वर्षं लागतात, ती जाऊ द्या.

भाऊ मेच्या अखेरीस परत गेला. पार्कमधला माझ्या फोनमधला तो फोटो मी पुसून टाकणार होते. त्याने तो आधी स्वतःकडे मागवून घेतला. फोटोत हत्ती अर्धाच आला आहे, डोळ्यांवर हात घेतलेला, आणि बाकी सगळा फोटो भावाच्या पाठीवर घट्ट पकडलेल्या दोन छोट्या मुठींचा. कुवेतला त्याच्या खोलीत तो लावलेला आहे, असं भाभी सांगते.

रात्री फोन अजूनही तांदळाच्या डब्याला टेकवलेला असतो. परवा मी गेले होते तेव्हा मुलगी फोनसमोर बसून ओरडत होती, "अब्बा, मागे जा. अजून मागे. पूर्ण दिस." तो खोलीत मागे-मागे सरकत भिंतीपर्यंत गेला, तरी त्याचे पाय दिसत नव्हते. ती काही ऐकेना. शेवटी त्याने फोन जमिनीवर टेकवला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला.

"आता आलास," ती म्हणाली, आणि बालवाडीत कोण रडलं ते सांगायला लागली.